शेणातल्या नत्राचा देशोदेशीचा हिशेब

हवामानबदलावर काम करणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाने 2006 साली हरितगृह वायूंचा हिशेब कसा मांडावा याची मार्गदर्शक पुस्तकं सर्व देशांसाठी प्रसिद्ध केली. त्यात एक लहानसा तक्ता आहे. दुभत्या जनावरांचं शेण आणि मूत्र अमुक पद्धतीने हाताळलं, तर त्यातलं किती नत्र वायुरूपाने निघून जातं, याचे ढोबळ आकडे त्यात दिले आहेत. पातळ स्लरी साठवली तर 40 टक्के. उघड्या तळ्यात सोडली तर 35. घट्ट खताचा ढीग केला तर 30. कोरड्या आवारात पडू दिलं तर 20. आणि रोजचं रोज शेतात नेऊन टाकलं तर अवघे 7 टक्के.

हा तक्ता वरवर वाचणाऱ्याला वाटेल की स्लरीच्या टाक्यांवर लाखो खर्च करणारा डॅनिश शेतकरी तोट्यात आहे आणि पाटीभर शेण रोज वावरात नेणारा आपला शेतकरी शहाणा. पण या तक्त्याचा हिशेब शेताच्या बांधापाशी थांबतो. शेण एकदा जमिनीवर पडलं की पुढे जे उडतं ते दुसऱ्या तक्त्यात, दुसऱ्या मथळ्याखाली मोजलं जातं. रोज शेतात टाकलेल्या शेणाला साठवणीत नत्र गमवायला वेळच मिळत नाही, म्हणून तिथे 7 टक्के. राहिलेलं बरंचसं नत्र शेतात उन्हात उडायला मोकळंच असतं.

देशादेशांमधली तुलना नेमकी इथेच फसते. प्रक्रिया नत्राचं नुकसान थांबवते असं आपण म्हणतो, पण बहुतेक प्रक्रिया ते नुकसान एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर ढकलतात. म्हणून तुलना करायची तर जनावराच्या शेपटीपासून पिकाच्या मुळापर्यंतची साखळी सगळीच्या सगळी, एकाच मापाने मोजावी लागते. ती कशी मोजायची ते पाहू.

उडणारं नत्र येतं कुठून

गाय चाऱ्यातून जेवढं नत्र खाते त्यातलं साधारण पाव ते तीस टक्के दुधात आणि अंगात जातं. उरलेलं शेणमूत्रातून बाहेर पडतं. या दोन वाटांनी बाहेर पडणारं नत्र एका जातीचं नसतं. शेणातलं नत्र बहुतांशी सेंद्रिय, म्हणजे न पचलेल्या प्रथिनांत आणि जिवाणूंच्या शरीरात अडकलेलं असतं आणि हळूहळू सुटतं. मूत्रातलं बरंचसं नत्र युरियाच्या रूपात असतं. आपण पोत्यातून टाकतो तोच हा युरिया.

मूत्रातला युरिया एकटा असेपर्यंत शांत असतो. पण शेणात युरिएज नावाचं विकर भरपूर असतं. गोठ्याच्या जमिनीवर मूत्र आणि शेण एकत्र आलं की काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत, युरिया फुटून अमोनियम तयार होतं. हे अमोनियम पाण्यात विरघळून राहतं की अमोनिया वायू होऊन उडतं, हे मुख्यतः सामू आणि तापमान यांवर ठरतं. 25 अंश सेल्सिअसला सामू 7 असेल तर यातला जेमतेम अर्धा टक्का वायुरूपात असतो. सामू 8 झाला की पाच टक्के, आणि 9 झाला की तिसऱ्या हिश्शाहून जास्त. तापमान 5 अंशांनी वाढलं की उडण्याची क्षमता जवळपास दुप्पट होते. डेन्मार्कमधल्या हिवाळी टाकीची आणि विदर्भातल्या मे महिन्यातल्या उकिरड्याची तुलना करताना एवढी एक गोष्ट विसरली तरी सगळा हिशेब चुकतो.

अमोनियाशिवाय नत्राला आणखी तीन वाटा आहेत. हवा आलटूनपालटून मिळते आणि तुटते अशा ढिगात जिवाणू नायट्रस ऑक्साइड तयार करतात. त्याचं वजन फार नसतं, पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो. तीच क्रिया पूर्णत्वाला गेली तर साधा नायट्रोजन वायू बाहेर पडतो. हवेला त्याने काहीच इजा होत नाही, शेतकऱ्याचं मात्र नत्र गेलेलंच असतं. चौथी वाट पाण्याची. नायट्रेट होऊन पावसासोबत ते जमिनीत खाली झिरपतं आणि विहिरीपर्यंत पोहोचतं.

या चार वाटांचा हिशेब सरकारी कागदांवर वेगवेगळ्या वह्यांत ठेवला जातो. युरोपच्या हवा-प्रदूषणाच्या नोंदीत अमोनिया मोजतात. हवामान करारांच्या नोंदीत नायट्रस ऑक्साइड. 1991 च्या युरोपीय नायट्रेट निर्देशात पाण्याचा विचार आहे, म्हणून तिथे शेणखतातून हेक्टरी 170 किलो नत्राची मर्यादा आहे. नायट्रोजन वायूची वही बहुधा कुणीच स्वतंत्र ठेवत नाही. एका देशाचा आकडा अमोनियाच्या वहीतला आणि दुसऱ्याचा एकूण नत्राचा असेल, तर ते दोन आकडे शेजारी मांडण्यात अर्थ नाही.

शंभर किलोचं गणित

सोपं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते गोल आहेत, पण त्यांची ठेवण युरोपातल्या हिशेबांसारखीच आहे. समजा, एका गोठ्यातल्या जनावरांनी 100 किलो नत्र बाहेर टाकलं. त्यातलं 60 किलो अमोनियम होणारं आणि 40 किलो सेंद्रिय. गोठ्यात अमोनियाच्या रूपाने या 60 चे 20 टक्के गेले, म्हणजे 12 किलो. उरलेल्या 48 चे 20 टक्के उघड्या टाकीतून गेले, म्हणजे 9.6. राहिलेलं 38.4 किलो शेतात वरून फवारलं आणि त्यातलं निम्मं, 19.2 किलो उडालं. एकूण नुकसान सुमारे 41 किलो.

आता टाकीवर झाकण घालू आणि टाकीतलं नुकसान 80 टक्क्यांनी कमी करू. 9.6 ऐवजी 1.9 किलोच जाईल. पावणेआठ किलो वाचले. पण शेतात आता 38.4 ऐवजी 46.1 किलो अमोनियम पोहोचलं आणि फवारणी तीच राहिली, म्हणून निम्मं, 23 किलो उडालं. एकूण नुकसान 37 किलो. झाकणाने वाचवलेल्यातलं अर्धं नत्र शेतात उडून गेलं. जुन्या नळाचं एक भोक बुजवलं की पाणी पुढच्या भोकातून जोरात येतं, तसं हे.

झाकण न घालता फक्त शेतातली पद्धत बदलली, स्लरी फवारण्याऐवजी चरे पाडून जमिनीत सोडली आणि शेतातलं नुकसान दहा टक्क्यांवर आणलं, तर एकूण तोटा 25 किलोंच्या आसपास येतो. झाकण आणि चरे दोन्ही केलं तर साडेअठरा. म्हणजे झाकणाचं खरं मोल शेतातली शेवटची पायरी बंद केल्यावरच हाती लागतं. साखळीतल्या कोणत्याही उपायाची किंमत त्याच्या पुढच्या पायरीवर ठरते.

मापाचा घोळही याच उदाहरणात दिसतो. पहिल्या वाटेवर शेतात उडालेले 19.2 किलो शेतात पोहोचलेल्या अमोनियमच्या 50 टक्के आहेत, शेतात टाकलेल्या एकूण नत्राच्या साडेचोवीस टक्के आहेत आणि जनावराने टाकलेल्या नत्राच्या 19 टक्के आहेत. शिवाय 19.2 किलो नत्र म्हणजे 23.3 किलो अमोनिया, कारण अमोनियात हायड्रोजनचं वजनही येतं. नुकसान एकच आहे, पण ते सांगणारे चार आकडे झाले, आणि चारही बरोबर.

प्रक्रिया करते काय

डेन्मार्कमध्ये स्लरीची साठवण साधारण नऊ महिन्यांची लागते, कारण हिवाळ्यात पीक नसताना ती शेतात टाकायची नाही. टाक्यांवर झाकण किंवा पेंढ्याची साय हवी. पंख्यासारखी उडवून फवारणी करायला 2003 पासून बंदी आहे. यावर तिथे एक वेगळी युक्ती रुजली: स्लरीत गंधकाम्ल मिसळायचं. गोठ्यातच सामू साडेपाचवर आणला की अमोनियम वायू होतच नाही, गोठ्यातही नाही, टाकीतही नाही आणि बऱ्याच अंशी शेतातही नाही. ढकलाढकलीला अपवाद असणाऱ्या मोजक्या उपायांपैकी हा एक, कारण आम्ल नत्राबरोबर पुढच्या पायरीवरही जातं. पिकाला गंधकही मिळतं. अडचण अशी की आम्ल घातलेली स्लरी बायोगॅसच्या टाकीत फारशी चालत नाही. मिथेन करणाऱ्या जिवाणूंना ती मानवत नाही आणि गंधकामुळे हायड्रोजन सल्फाइडचा धोका वाढतो. डेन्मार्कने बायोगॅसवरही मोठा भर दिला आहे, म्हणून हे दोन उपाय एकमेकांच्या वाटेत येतात.

बायोगॅसच्या टाकीत हवा नसते, झाकण पक्कं असतं, म्हणून टाकीच्या आत नत्र जवळपास पूर्ण टिकतं. ‘बायोगॅसमुळे नत्र वाया जात नाही’ हे वाक्य तेवढ्यापुरतं खरं. पण आत सेंद्रिय नत्राचा काही भाग अमोनियम होतो आणि सामूही वाढतो. टाकीतून बाहेर येणारी मळी पिकाला पटकन लागू पडते, आणि तितक्याच पटकन उडूही शकते. तिची एक जमेची बाजू आहे: ती पातळ असते, जमिनीत लवकर मुरते. मुरली तर फायदा, उघड्यावर साठवली तर तोटा.

तिसरी प्रक्रिया वेगळं करण्याची. स्क्रू-प्रेसमधून पिळून घट्ट भाग आणि पाणी वेगळं केलं की पाणी मुरायला सोपं जातं. पण घट्ट भागाचा ढीग तापतो आणि तिथून नत्र जातं. पाण्याच्या बाजूचा आकडा छापायचा आणि ढिगाचा सोडून द्यायचा, असं केलं तर प्रक्रिया चमत्कारासारखी दिसते.

कंपोस्टची टक्केवारी आणि स्फुरदाची साक्ष

कंपोस्टिंगच्या बाबतीत फसवणूक आणखी सूक्ष्म असते. ढीग 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो, सामू 8 च्या वर जातो आणि ढीग उलटताना अमोनियाचा वास नाकाला झोंबतो. तरी प्रयोगशाळेचा अहवाल आला की नत्राचं प्रमाण वाढलेलं दिसतं. असं कसं? समजा, सुरुवातीला 1000 किलो कोरडा पदार्थ होता आणि त्यात 2 टक्के, म्हणजे 20 किलो नत्र. कुजताना कर्ब नत्रापेक्षा भराभर उडतो. शेवटी 500 किलो कोरडं खत राहिलं आणि त्यात 2.6 टक्के, म्हणजे 13 किलो नत्र. टक्केवारी वाढली, पण 20 चे 13 झाले. 35 टक्के नत्र गेलं.

हे पकडायचा मार्ग सोपा आहे. स्फुरद हवेत उडत नाही. वरच्या ढिगात सुरुवातीला 5 किलो स्फुरद असेल आणि पावसाने ओघळून गेलं नसेल, तर शेवटीही 5 किलोच असेल. सुरुवातीला नत्राचं स्फुरदाशी प्रमाण 4 होतं, शेवटी 2.6 झालं. 2.6 भागिले 4 म्हणजे 0.65, उरलेले 35 टक्के गेले. ढिगाचं वजन करायचीही गरज नाही.

नेदरलँड्समध्ये याच कल्पनेने मोठी खळबळ उडाली. तिथे गायींच्या गोठ्यांसाठी कमी अमोनिया सोडणाऱ्या खास फरशांना मान्यता दिली जात होती आणि त्यांच्या ठरलेल्या आकड्यांवर परवाने मिळत होते. तिथल्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये एक हिशेब मांडला. जनावरांच्या खाण्यावरून त्यांनी किती नत्र आणि किती स्फुरद बाहेर टाकलं असेल, ते प्रमाण एका बाजूला. गोठ्यातून बाहेर नेलेल्या खताच्या नमुन्यांतलं प्रमाण दुसऱ्या बाजूला. मधला फरक म्हणजे वाटेत गेलेलं नत्र. कमी उत्सर्जनाचे मानलेले गोठे या कसोटीवर साध्या गोठ्यांपेक्षा अपेक्षेइतके सरस ठरले नाहीत. याच वर्षी 29 मे रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने नत्राच्या परवान्यांची सरकारी योजना रद्दबातल ठरवली, आणि ऑक्टोबरमध्ये शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर हेग शहरात पोहोचले.

डच उदाहरणातून एक सावधगिरी शिकावी लागते. स्फुरदाची पद्धत सगळं नत्र मोजते, अमोनियाच नाही. त्यात नायट्रोजन वायूही येतो. म्हणून तिचा आकडा अमोनियाच्या आकड्याहून मोठा आला तर लगेच कुणी खोटं बोललं असं ठरत नाही. दोन वेगळ्या वह्या समोर आलेल्या असतात.

भागायचं कशाने

देशांची तुलना करताना सगळ्यात मोठा फरक भाजकात पडतो. आयपीसीसीच्या 2006 च्या ढोबळ आकड्यांनुसार पश्चिम युरोपातली 600 किलोंची दुभती गाय वर्षाला सुमारे 105 किलो नत्र बाहेर टाकते. भारतीय उपखंडातलं 275 किलोंचं दुभतं जनावर टाकतं सुमारे 47 किलो. दर जनावरामागे पाहिलं तर आपण निम्म्याहून कमी. पण त्याच पुस्तकात युरोपीय गायीचं दूध वर्षाला 6000 किलो आणि उपखंडातल्या जनावराचं 900 किलो धरलं आहे. दर हजार किलो दुधामागे युरोपात साडेसतरा किलो नत्र, आपल्याकडे 52 किलो. एकाच पुस्तकातून दोन उलट निष्कर्ष निघाले. आपलं जनावर दुधाबरोबर शेण, खत, इंधन आणि काही ठिकाणी ओढकामही देतं, हे त्या भागाकारात येत नाही.

न्यूझीलंडमध्ये भाजक आणखी वेगळा पडतो. तिथल्या गायी वर्षभर कुरणात चरतात. प्रक्रिया होते ती मुख्यतः दूध काढण्याच्या शेडमध्ये पडलेल्या शेणमूत्रावर, आणि तो एकूण शेणमूत्राचा फारच थोडा भाग आहे. बाकीचं गाय स्वतःच कुरणभर वाटून टाकते. पण ती समान वाटत नाही. एका जागी मूत्राचा जो डाग पडतो त्यात हेक्टरी 500 ते 1000 किलो नत्राच्या हिशेबाने नत्र असतं. एवढं गवत घेऊ शकत नाही, ते नायट्रेट होऊन झिरपतं. न्यूझीलंडच्या ‘प्रक्रिया केलेल्या शेणाचा’ आकडा कितीही चांगला असला तरी तो त्या देशाच्या नत्राची गोष्ट सांगत नाही.

कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात उलट चित्र आहे. हजारो गायींच्या डेअऱ्यांमध्ये गोठ्याच्या गल्ल्या पाण्याने धुतात आणि ते पाणी तळ्यात जातं. तळं उघडं, हवा गरम, अमोनियाला मोकळं रान. अलीकडे मिथेन पकडण्यासाठी अनेक तळ्यांवर आच्छादनं आली. त्यामुळे तळ्यातलं नत्र पाण्यातच राहतं आणि मक्याच्या चाऱ्याच्या शेतात पोहोचतं. हे ओळखून तिथल्या जलनियामक मंडळाने 2007 च्या आदेशात एक गुणोत्तर ठेवलं: पिकाने उचललेल्या नत्राच्या साधारण 1.4 पटीपेक्षा जास्त नत्र टाकू नये. इथे हिशेब गोठ्याच्या नुकसानापाशी न थांबता पिकाशी जोडला गेला.

आपला हिशेब कुठे सुरू होतो

भारतात 2019 च्या पशुगणनेनुसार 19 कोटींहून जास्त गोवंश आणि जवळपास 11 कोटी म्हशी आहेत. पण आपल्याकडे नत्राचं मोठं नुकसान प्रक्रिया सुरू होण्याआधीच झालेलं असतं. बाहेर पडणाऱ्या नत्राचा साधारण अर्धा भाग मूत्रात असतो. युरोपातल्या गोठ्यांत फटींच्या फरशीतून शेण आणि मूत्र दोन्ही खाली टाकीत जमतं. आपल्या मातीच्या गोठ्यात मूत्र जमिनीत मुरतं आणि शेणच काय ते उचललं जातं. त्यातलं काही गोवऱ्या होऊन चुलीत जातं, आणि जळालेल्या गोवरीतलं नत्र राखेत राहत नाही.

म्हणून भारतीय गोबरगॅस आणि डॅनिश बायोगॅस यांच्या मळीतल्या नत्राची टक्केवारी शेजारी मांडली, तर आपण प्रत्यक्षात शेणाची तुलना शेण-अधिक-मूत्राशी करत असतो. दुसरा फरक त्यापुढचा आहे. आपल्याकडे मळी अनेकदा खड्ड्यात सोडून उन्हात वाळवतात, कारण वाळलेली मळी वाहून न्यायला सोपी पडते. वाळताना पाण्यासोबत जातं ते नेमकं टाकीत तयार झालेलं अमोनियम, म्हणजे ज्यासाठी प्रक्रिया केली तेच. पातळ मळी पाण्याच्या पाटातून थेट पिकाला दिली, किंवा पाचट, पालापाचोळा आणि माती यांच्यात जिरवून कुजवली, तर ते टिकतं.

माती आणि वनस्पतींचा कचरा यांची ही ताकद महाराष्ट्रात एका पद्धतीने नीट वापरली आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी घडवलेल्या नाडेप पद्धतीत विटांच्या जाळीदार टाक्यात काडीकचरा, थोडं शेण आणि चाळलेली माती थराथराने भरतात आणि वरून शेणामातीने लिंपतात. काडीकचऱ्यातल्या कर्बावर जगणारे जिवाणू मोकळं नत्र आपल्या शरीरात बांधून ठेवतात, मातीतले चिकणकण अमोनियम धरून ठेवतात, आणि ढीग उलटायचा नसल्याने वायूला वाट कमी मिळते.

तुलनेआधीचे प्रश्न

म्हणून कोणताही देशांचा तक्ता हाती आला की पाच गोष्टी तपासाव्यात. हिशेब कुठे सुरू होतो, जनावरापाशी की उकिरड्यापाशी? कुठे संपतो, टाकीच्या तोंडाशी की पिकाने नत्र उचलल्यावर? मोजलं काय, अमोनिया, एकूण नत्र की नायट्रस ऑक्साइड? टक्के कशाचे, अमोनियमचे, टाकलेल्या नत्राचे की बाहेर पडलेल्या नत्राचे? आणि आकडा मोजून आला की ढोबळ गुणकाने? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण बऱ्याच देशांचे राष्ट्रीय आकडे जनावरांची संख्या आणि गुणक यांचा गुणाकार असतात. दोन देशांत फरक दिसला तर तो शेतीतला असेल किंवा फक्त निवडलेल्या गुणकातला.

हे पाच प्रश्न विचारले की आयपीसीसीचा तो तक्ताही बरोबर वाचता येतो. त्यातले 40 टक्के आणि 7 टक्के यांमधून कोण जिंकलं हे कळत नाही. कळतं एवढंच की एकाने नत्र टाकीत गमावलं आणि दुसऱ्याचं अजून गमवायचं आहे. निकाल देणारा आकडा साखळीच्या शेवटी असतो: जनावराने बाहेर टाकलेल्या दर 100 किलो नत्रातलं पिकाने किती घेतलं. तो काढायला प्रत्येक पायरीचं माप लागतं, म्हणून तो फारसा कुणी छापत नाही. पण डॅनिश आम्ल, डच फरशी, कॅलिफोर्नियाचं आच्छादन आणि पुसदचं नाडेप टाकं एकाच ओळीत उभं करायचं असेल, तर त्या एका आकड्याखेरीज दुसरी ओळच नाही.